अठरा वॉटचे आठ का होतात?

घरी बांधलेला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर अजिबात वाजला नाही, तर काम त्यामानाने सोपं असतं. कुठेतरी तार सुटलेली असते, एखादा रेझिस्टन्स जळलेला असतो; शोधलं की सापडतं. छळतो तो वाजणारा, पण दम नसलेला ॲम्प्लिफायर. व्हॉल्व्ह तापतात, गिटारची तार छेडली की आवाज येतो आणि नॉब निम्म्यावर गेला की तो फाटायला लागतो. पुढे फिरवलं तर आवाज वाढत नाही, फाटणं तेवढं वाढतं. कागदावर अठरा वॉट लिहिलेले असतात आणि शेजारी ढोलकी सुरू झाली की गिटार ऐकू येईनाशी होते.

अशा वेळी सगळ्यांच्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते ‘व्हॉल्व्ह बसला असेल’ हे. मुंबईत लॅमिंग्टन रोडजवळ राहणाऱ्याने ते म्हणायला हरकत नाही. नवा आणून लावला, संपलं. आदिलाबादला तसं चालत नाही. इथे मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीची दुकानं आहेत, सोल्डरिंगचं सामान मिळतं, मल्टीमीटर मिळतो. ईएल८४ मिळत नाही. त्यासाठी तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला, कोठीतल्या गुजराती गल्लीत जायचं, नाहीतर नागपूरला चौकशी करायची, नाहीतर कुरिअरची वाट पाहायची. एवढं करून नव्या जोडीनेही आवाज तसाच राहिला, तर पैसे गेलेच, शिवाय दोष कुठे आहे ते अजूनही कळलेलं नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की व्हॉल्व्ह सगळ्यांत शेवटी बदलावा. त्याआधी मोजावं. कमी पॉवरची बहुतेक कारणं हजारभर रुपयांच्या मल्टीमीटरला दिसतात.

उदाहरणाला आपण घरगुती बांधणीत जगभर आवडता असलेला नमुना घेऊ: मार्शल कंपनीने १९६५ ते १९६७ या काळात बनवलेला अठरा वॉटचा ॲम्प्लिफायर. दोन ईएल८४, तीन ईसीसी८३ आणि रेक्टिफायर म्हणून ईझेड८१, एवढेच व्हॉल्व्ह. हे क्रमांक आपल्या भागातल्या जुन्या रेडिओ मेकॅनिकांना परके नाहीत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून फिलिप्सच्या सहकार्याने रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला सुरुवात केली आणि ईएल८४, ईसीसी८३ त्यांच्या शिक्क्यानिशी दुकानांत येऊ लागले. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा बदलली तरी पैनगंगेच्या दोन्ही अंगांना माळ्यावर पडलेले मर्फी, फिलिप्स, बुश हे रेडिओ सारखेच आहेत. त्यांतले व्हॉल्व्ह कित्येकदा अजून उत्तम निघतात. त्यांच्यासोबत येणारे कंडेन्सर मात्र निघत नाहीत, त्याविषयी पुढे.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट, आणि ती मी मनापासून सांगतो. या पेटीत तीनशे व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो फिल्टर कंडेन्सरमध्ये बसून राहतो. प्लग काढा, काही किलोओहमचा पाच वॉटचा रेझिस्टन्स उष्णतारोधक दांडीला बांधून कंडेन्सरच्या दोन्ही टोकांना थोडा वेळ धरा, मीटरवर शून्य पाहा आणि मगच हात घाला. चालू पेटीत मोजताना मीटरची काळी तार चॅसिसला चिमट्याने लावून ठेवा, एका हाताने मोजा, दुसरा हात पाठीमागे. तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची तार चॅसिसला पक्की हवी, आणि घरात अर्थिंग खरंच आहे का हेही पाहून घ्यावं; जुन्या घरांत पुष्कळदा तिसऱ्या पिनेमागे काहीच जोडलेलं नसतं. आणखी एक नियम: स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय ॲम्प्लिफायर कधीही चालवायचा नाही. आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या बाजूला काही नसेल तर पहिल्या बाजूचं व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फोडून जातं.

आता पहिला प्रश्न. पॉवर खरोखर कमी आहे का? हे कानाने ठरवता येत नाही. कान फसवा आहे, कारण पॉवर निम्मी झाली तरी फरक फक्त तीन डेसिबलचा पडतो. दुप्पट मोठा आवाज जाणवायला साधारण दहापट वॉट लागतात. तेव्हा स्पीकर काढून तिथे डमी लोड लावावा. ३३ ओहम, १० वॉटचे चार सिरॅमिक रेझिस्टन्स समांतर जोडले की सव्वाआठ ओहम आणि चाळीस वॉटचा लोड तयार होतो. मोबाइलवर टोन काढणारं ॲप घेऊन ४०० हर्ट्झचा शुद्ध सूर गिटारच्या इनपुटला द्यावा. ४०० यासाठी, की साधे मल्टीमीटर तिथपर्यंत एसी नीट दाखवतात. फोनचा आवाज हळूहळू वाढवत डमी लोडवरचं एसी व्होल्टेज पाहत जायचं. इनपुट दीडपट झालं की आऊटपुटही दीडपट होतं, हे एका मर्यादेपर्यंतच चालतं. जिथे आऊटपुट मागे पडायला लागतं, तीच पॉवरची मर्यादा. ऑसिलोस्कोप असेल तर लाटेचे शेंडे सपाट होताना डोळ्यांनी दिसतील.

त्या जागी मिळालेल्या व्होल्टेजचा वर्ग करायचा आणि ओहमने भागायचं. आठ ओहमवर बारा व्होल्ट म्हणजे अठरा वॉट. आठ व्होल्ट आले तर आठ वॉट.

इथेच आणखी एक घोळ सुटतो. फोनकडून भरपूर सिग्नल दिल्यावर बारा व्होल्ट मिळाले, पण गिटार लावल्यावर मिळत नाहीत, असं असेल तर पॉवर पूर्ण आहे. कमी आहे तो गेन. गिटारच्या पिकअपमधून काही दशांश व्होल्ट येतात आणि ईएल८४ च्या ग्रीडला पूर्ण पॉवरसाठी दहा व्होल्टच्या आसपास लागतात. मधल्या टोन कंट्रोलमध्ये बराच सिग्नल खर्ची पडतो. मग दोष पुढच्या ईसीसी८३ मध्ये, त्याच्या कॅथोडच्या कंडेन्सरमध्ये किंवा टोनच्या जोडणीत शोधायचा; पॉवर सप्लाय आणि ट्रान्सफॉर्मर उकलत बसू नये.

अपेक्षाही रास्त हवी. एकच ईएल८४ असलेला ॲम्प्लिफायर २५० व्होल्टवर जेमतेम पावणेसहा वॉट देतो. हा व्हॉल्व्ह प्लेटवर १२ वॉटपर्यंतची उष्णता सोसतो आणि एकेरी बांधणीत त्याच्या निम्म्याच्या वर आवाज निघू शकत नाही. त्यातून दहा वॉट काढण्याच्या खटपटीत प्लेट लाल होते, दुसरं काही होत नाही. दोन ईएल८४ पुशपुल पद्धतीने ३०० व्होल्टवर, ८,००० ओहमच्या ट्रान्सफॉर्मरसह १७ वॉट देतात. निर्मात्यांच्या तक्त्यातला आकडा हाच आहे.

हे सतरा कुठून येतात ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं शोधकाम सोपं होतं. व्हॉल्व्ह पूर्ण जोर लावतो तेव्हा त्याच्या प्लेटवरचं व्होल्टेज ३०० वरून साधारण ४० पर्यंत खाली येतं. म्हणजे २६० व्होल्टची हालचाल. ८,००० ओहमच्या पुशपुल ट्रान्सफॉर्मरमध्ये एकट्याने ओढणाऱ्या व्हॉल्व्हला त्याच्या चौथाई, म्हणजे २,००० ओहम दिसतात. तेव्हा करंट १३० मिलिॲम्पिअरच्या घरात जातो. २६० गुणिले ०.१३ आणि त्याचं निम्मं: सतराच्या जरा आत. व्होल्टेज, करंट आणि या दोघांची गाठ घालणारा लोड. पॉवर कमी झाली आहे म्हणजे या तिघांपैकी एकाने माघार घेतली आहे. चौथं कारण नाही.

व्होल्टेजपासून सुरू करू, कारण आपल्याकडे पहिला संशय तिथेच घ्यायला हवा. त्याच तक्त्यात हीच जोडी २५० व्होल्टवर फक्त ११ वॉट देते. व्होल्टेज सहाव्या हिश्शाने उतरलं आणि पॉवर तिसऱ्या हिश्शाहून अधिक गेली. आता बेला किंवा जैनथकडच्या एखाद्या गावातली रब्बीच्या हंगामातली वेळ डोळ्यांपुढे आणा. गावाच्या डीपीवर शेतातल्या मोटारी चालू आहेत आणि घरातल्या सॉकेटमध्ये २३० ऐवजी १९० व्होल्ट आहेत. ट्रान्सफॉर्मरच्या आतलं सगळं त्याच प्रमाणात उतरतं: ३०० चे २४८ होतात आणि ६.३ व्होल्टचे हीटर ५.२ वर येतात. पहिल्याने ११ वॉटवर आणलं. दुसऱ्याने कॅथोड पुरेसा तापत नाही आणि मोठ्या सुरावर लागणारा करंटच तो देऊ शकत नाही. व्हॉल्व्ह ‘बसल्या’सारखा वागतो, आणि पहाटे मोटारी बंद झाल्यावर तोच व्हॉल्व्ह ठणठणीत असतो. म्हणून सॉकेटचं व्होल्टेज वाजवण्याच्या वेळेला मोजावं, दुपारी सवडीने नव्हे. उपाय म्हणजे चांगला स्टॅबिलायझर. हा ॲम्प्लिफायर शंभर वॉटच्या आसपास वीज खातो, लहानसाही पुरतो. ट्रान्सफॉर्मर मात्र १९० व्होल्टला पूर्ण पॉवर देईल असा मुद्दाम गुंडाळून घेऊ नये. रात्री लाइन २४० वर गेली की तीनशेच्या जागी पावणेचारशेच्या वर व्होल्ट येतील आणि ईएल८४ च्या प्लेटची सांगितलेली मर्यादा तीनशेचीच आहे.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणाऱ्यांसाठी याहून गमतीदार गोष्ट आहे. घरगुती स्वस्त इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह देतात. पंखा, दिवा, टीव्ही यांना त्याने फारसं बिघडत नाही. पण रेक्टिफायर आणि कंडेन्सर मिळून व्होल्टेजच्या शेंड्यापर्यंत चार्ज होतात. लाइनच्या २३० व्होल्टचा शेंडा ३२५ पर्यंत जातो, स्क्वेअर वेव्हचा शेंडा २३० लाच संपतो. हीटर अगदी नेहमीसारखे पेटतात, त्यामुळे संशयही येत नाही. आणि आतलं तीनशे व्होल्ट अडीचशेच्याही बरंच खाली गेलेलं असतं. पॉवर निम्म्याहून कमी. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला साइन वेव्हचा इन्व्हर्टरच हवा.

बाहेरची वीज ठीक असेल तर आतला सप्लाय. शांत असताना प्लेटचं व्होल्टेज मोजा, मग पूर्ण सिग्नल देऊन पुन्हा मोजा. ईझेड८१ सारखा व्हॉल्व्ह रेक्टिफायर असताना थोडी घसरण ठरलेलीच आहे, आणि गिटारवाल्यांना ती आवडतेही. सुरुवातीला दबून मग फुलणारा सूर त्यातूनच येतो. पण ३२० वरून २५० म्हणजे फार झालं. रेक्टिफायरच्या दोनपैकी एक बाजू मेली असेल तर १०० हर्ट्झच्या गुणगुणीऐवजी ५० हर्ट्झची जाड घरघर येते. पहिला फिल्टर कंडेन्सर सुकला असेल तरी व्होल्टेज पडतं आणि घरघर वाढते. जुन्या रेडिओतले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर वापरूच नयेत, ते दिसायला कितीही धडधाकट असोत.

हीटरचं व्होल्टेज थेट व्हॉल्व्हच्या पिनांवर, चालू असताना मोजावं. ईएल८४ चा हीटर पाऊण ॲम्पिअर घेतो, ईसीसी८३ चा ०.३, रेक्टिफायर धरून एकूण साडेतीन ॲम्पिअरच्या जवळ जातं. एवढ्या करंटला स्पीकरची बारीक तार लावली की ट्रान्सफॉर्मरवर ६.३ आणि शेवटच्या सॉकेटवर ५.७ दिसतात. जाड तार लावली की प्रश्न मिटतो.

आता लोड, म्हणजे आऊटपुट ट्रान्सफॉर्मर. घरगुती बांधणीत सर्वाधिक वॉट इथे हरवतात आणि सर्वांत कमी तपासलं जातं तेही हेच. तत्त्व असं आहे: लोड हवा त्याच्या दुप्पट ओहमचा झाला तर व्होल्टेज आपल्या टोकाला पोचतं, पण करंट निम्माच वाहतो. लोड निम्मा झाला तर करंट आपल्या टोकाला पोचतो, पण व्होल्टेजची हालचाल निम्मीच होते. दोन्हीकडून पॉवर निम्मी, आणि दुसऱ्या प्रकारात व्हॉल्व्ह जास्त तापतो तो वेगळाच.

आपल्याकडे हा ट्रान्सफॉर्मर दोन वाटांनी येतो. पहिली वाट भंगारातल्या पीए ॲम्प्लिफायरची. जत्रेत, लग्नाच्या मांडवात कर्णे वाजवलेले जुने व्हॉल्व्हचे सेट अजून मिळतात आणि त्यांचे ट्रान्सफॉर्मर खरोखर भक्कम असतात. पण त्यांच्या मागच्या पट्टीवर ४, ८, १५ ओहमच्या जोडीला १०० व्होल्टची लाइनही असते. लांबच लांब तारांच्या टोकाला कर्णे लावायचे, तर तारेत पॉवर वाया जाऊ नये म्हणून ही सोय. तीस वॉटच्या सेटमध्ये त्या टोकाला ३३३ ओहमचा लोड अपेक्षित असतो. खुणा पुसल्या गेल्या असताना आठ ओहमचा गिटार स्पीकर तिथे जोडला, तर लोड चाळीसपट जड होतो. आवाज येतो, पण जेमतेम.

दुसरी वाट रिवाइंडिंगच्या दुकानाची. कापसाच्या जिनिंगमुळे आणि शेतीपंपांमुळे आदिलाबादेत मोटार गुंडाळणारे हात पुष्कळ आहेत, आणि ते कुशल आहेत. वेढे मोजायला त्यांची चूक होत नाही. अडचण वेगळी आहे. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या सवयीने ते स्टॅम्पिंग आलटूनपालटून, एक इकडून एक तिकडून, घट्ट भरतात. पुशपुल ॲम्प्लिफायरला ते अगदी बरोबर आहे. दोन्ही व्हॉल्व्हचा स्थिर करंट उलट दिशांनी वाहून एकमेकांचा परिणाम पुसतो. पण एकट्या ईएल८४ च्या ॲम्प्लिफायरमध्ये सुमारे ५० मिलिॲम्पिअरचा डीसी सतत एकाच दिशेने वाहतो. फट नसलेला गाभा त्यानेच चुंबकीयदृष्ट्या भरून जातो आणि सिग्नलला जागा उरत नाही. खर्ज आधी जातो, मग पॉवर. त्यासाठी सगळे ‘ई’ एका बाजूने आणि सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूने ठेवून मध्ये पातळ कागद घालायचा असतो. हे आधी सांगितलं तर तेच कारागीर उत्तम ट्रान्सफॉर्मर करून देतात. पहिलं आणि दुसरं वाइंडिंग थरांत वाटून घ्यायलाही सांगावं, नाहीतर वरचे सूर मंद होतात.

हातातला ट्रान्सफॉर्मर ८,००० ओहमचा आहे की नाही हे घरी तपासता येतं. तो सर्किटमधून पूर्ण सुटा करावा. बारा व्होल्टच्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरचं एसी त्याच्या प्लेटकडच्या दोन टोकांना द्यावं आणि स्पीकरकडचं व्होल्टेज मोजावं. ८,००० आणि ८ यांचा भागाकार हजार, त्याचं वर्गमूळ साधारण ३१.६, म्हणून ०.३८ व्होल्ट यायला हवेत. ०.५४ आले तर तो आठ ओहमच्या स्पीकरसोबत फक्त ४,००० ओहमचा आहे. मग त्याच टोकांना सोळा ओहमचा स्पीकर लावला की हिशेब जुळतो. व्होल्टेज उलट बाजूने, स्पीकरच्या टोकांना मात्र कधीही देऊ नये. पलीकडे पावणेचारशे व्होल्ट निघतील.

सप्लाय आणि लोड बरोबर ठरले की मग व्हॉल्व्ह. दोन ईएल८४ ना मिळून कॅथोडला १३० ओहमचा एकच रेझिस्टन्स असेल, तर शांत असताना त्यावर दहा व्होल्टच्या आसपास असावेत. पाच-सहाच दिसले तर करंट निम्मा आहे. पण कुणाचा, हे त्यातून कळत नाही. म्हणून बांधतानाच प्रत्येकाला २७० ओहमचा स्वतंत्र रेझिस्टन्स आणि स्वतंत्र कंडेन्सर द्यावा. चार रुपये जास्त लागतात आणि प्रत्येक व्हॉल्व्ह आपली हकीगत स्वतः सांगतो. एक कमी दिसला की दोघांची अदलाबदल करायची. दोष व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटात गेला तर व्हॉल्व्ह खरोखर थकला आहे. तिथेच राहिला तर सॉकेटच्या पिना, स्क्रीनचा रेझिस्टन्स किंवा अलीकडची जोडणी पाहायची.

स्क्रीन म्हणजे नऊ नंबरची पिन. या व्हॉल्व्हचा जोर प्लेटपेक्षा स्क्रीनच्या व्होल्टेजवर जास्त अवलंबून असतो. तिथला रेझिस्टन्स वाढला किंवा तुटला की प्लेटवर तीनशे असूनही करंट येत नाही. चुकून स्क्रीन थेट प्लेटला जोडली गेली तर व्हॉल्व्ह ट्रायोड म्हणून चालतो आणि दोघांची मिळून पॉवर पाचेक वॉटवर येते. आवाज गोड असतो, म्हणून ही चूक बरेच दिवस लपून राहते.

दोन नंबरच्या पिनेवर, म्हणजे ग्रीडवर, शांत असताना डीसी शून्य हवा. तिथे व्होल्ट-दोन व्होल्ट धन दिसले तर अलीकडचा कपलिंग कंडेन्सर गळतो आहे. रेडिओतून काढलेले मेण लावलेले कागदी कंडेन्सर जवळपास हटकून गळतात. सिग्नल दिल्यावर दोन्ही ग्रीडना सारखंच एसी पोचतं का, हेही पाहावं. एकाला दहा आणि दुसऱ्याला दोन पोचत असतील तर फेज इन्व्हर्टरच्या ईसीसी८३ चा एक अर्धा भाग काम करत नाही आणि पुशपुलमधला एक व्हॉल्व्ह नुसता बसून आहे.

हे सगळं जुळून डमी लोडवर बारा व्होल्ट आले, तरी खोलीत आवाज पडतच असेल तर स्पीकरकडे वळावं. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० हा गिटारचा स्पीकर एका वॉटला, एक मीटरवर १०० डेसिबल देतो. त्यांचाच ग्रीनबॅक ९८. घरातला म्युझिक सिस्टिमचा किंवा गाडीतला स्पीकर बहुधा नव्वदीच्या आसपास असतो. दहा डेसिबलचा हा फरक भरून काढायचा तर अठरा वॉटचे एकशे ऐंशी करावे लागतील. बारा इंची, जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर आणि त्याला साजेशी लाकडी पेटी यांवर केलेला खर्च नव्या व्हॉल्व्हच्या जोडीपेक्षा कितीतरी जास्त आवाज परत देतो, आणि पेटी तर आपल्याकडचा कुठलाही चांगला सुतार करून देईल.